खडूने आखलेली घरगाडी

गल्लीत सगळे मिस्त्रींना 'सूतभर' म्हणायचे, आणि तेही तोंडावर, कारण मिस्त्रींना त्यात मानच वाटायचा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाकीच्या जगाला तो असला काय आणि नसला काय. मिस्त्रींना मात्र तो रस्त्याच्या पलीकडून दिसायचा. शेजाऱ्याकडे चहाला गेले की कप हातात घेण्याआधी ते दाराच्या चौकटीकडे एक डोळा मिटून बघत आणि म्हणत, "वरच्या अंगाला सूतभर झुकलीय." शेजारी तेरा वर्षं त्याच दारातून सुखाने ये-जा करत होता. त्या दिवसापासून त्याला दार वाकडं दिसू लागलं. चहा पाजून विकतचं दुखणं घेणं म्हणतात ते हे.

मिस्त्रींचा धंदा स्वयंपाकघरं बनवण्याचा. चाळीस वर्षं ओटे, कपाटं, खण, फळ्या. आणि त्यात त्यांची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाने मासिकातली कितीही चित्रं फाडून आणली तरी ते लाकडाला हात लावत नसत. आधी घरामागच्या वर्कशॉपमधला भुसा झाडायचा, फरशीवर खडूने ते अख्खं स्वयंपाकघर खऱ्या मापाने आखायचं, मग घरच्या बाईंना त्या रेघांच्या आत उभं करायचं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचं, "बाई, चहा करा."

बाई हसायच्या, लाजायच्या, नवऱ्याकडे बघायच्या. मिस्त्री हलायचे नाहीत. मग नाइलाजाने बाई नसलेल्या नळाखाली नसलेलं पातेलं धरायच्या, आणि तिसऱ्या मिनिटाला विसरून जायच्या की हे सगळं खोटं आहे. झाकण ठेवायला त्यांचा हात जिथे जाई तिथे मिस्त्री खडूने फुली मारत. फुलीच्या जागी फळी येई. "माणसाचं तोंड खोटं बोलतं," ते म्हणत, "हातपाय बोलत नाहीत."

स्वतःच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार. घरच्या स्वयंपाकघराची कपाटं चार गिऱ्हाइकांकडच्या उरल्यासुरल्या मालाची होती. एक दार पिवळं, दोन पांढरी, एक चॉकलेटी. सिंकखालचं दार तर अजून यायचंच होतं. छत्तीस वर्षं "या महिन्यात करतो" चाललं होतं. तिथे बायकोने शिवलेला पडदा लोंबत होता. बायको घरी पडदे शिवून द्यायची, त्यामुळे पडद्यांना तोटा नव्हता. कुणी नवीन माणूस आला की ती हात दाखवून सांगायची, "हे आमचं शोरूम. आवडलं तर यांना काम देऊ नका." या छत्तीस वर्षांत तिला मिस्त्रींनी एकदाही खडूच्या रेघेत उभं केलं नव्हतं.

घरात एकच वस्तू त्यांनी मन लावून केली होती, ती म्हणजे माडीवर जाणारा जिना. जागा अपुरी, म्हणून जिना उभा. पायऱ्या साडेआठ इंच उंच. पण एक पायरी कुरकुरेल तर शपथ! झोपायची खोली वर. आणि याच जिन्यावरून दोन वर्षांपूर्वी एका सकाळी बायको आपली उशी घेऊन खाली उतरली, ती बैठकीच्या खोलीतल्या दिवाणावर ठेवली आणि म्हणाली, "मी आता खालीच झोपेन. तुम्ही फार घोरता."

मिस्त्रींना हे फार लागलं. चौतीस वर्षं नाही ते आताच? त्यांनी नाकाला चिकटवायच्या पट्ट्या आणल्या. रात्री पाठीवर वळू नये म्हणून बंडीला मागच्या बाजूने चेंडू शिवून घेतला. शिवला बायकोनेच, निमूटपणे, दुहेरी टाका घालून. पण उशी काही वर आली नाही. मिस्त्री गप्प बसले. 'माझी बायको मला सोडून दिवाणावर गेली,' हे सांगणार तरी कुणाला?

तर अशा या मिस्त्रींना परक्या पलंगावर झोप येत नसे. निदान ते तसं सांगत. खरी गोष्ट अशी होती की अकरा वर्षांपूर्वी दोघं मेहुणीकडे गेले होते. बायकोची ही धाकटी बहीण दोन दिवसांच्या प्रवासावर, एका तळ्याच्या काठी राहायची. पाहुण्यांचा पलंग कुरकुरत होता. मिस्त्रींनी सकाळी उठून, कुणी विचारलं नसताना, तो अख्खा खोलला आणि घट्ट करून परत जोडला. जोडून झाल्यावर एक स्क्रू हातात उरला. "जास्तीचाच असणार," असं म्हणून त्यांनी तो खिशात टाकला. दुपारी साडू पेपर घेऊन पलंगावर टेकले आणि पेपरासकट जमिनीवर गेले. साडू मनमोकळा माणूस, हसून हसून बेजार झाला. पण कुणी हसतं तेव्हाच सुताराचं नाक जास्त कापलं जातं. तेव्हापासून मिस्त्री तिकडे फिरकले नाहीत. स्क्रू त्यांनी काडेपेटीत जपून ठेवला होता. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बायको बहिणीकडे जाऊ म्हणाली की मिस्त्री म्हणत, "जाऊ, पण आपला पलंग आपल्याबरोबर हवा." आपला पलंग बरोबर नेणार कसा? तर घरगाडी घ्यायची. घरगाडी म्हणजे आत पलंग, ओटा, संडास असलेली छोटी मोटार; नवी परवडत नाही, जुनी चालेल. बायकोला वाटलं, चला, आठ वर्षांनी का होईना, गाडं हललं. हललं कसलं! पुढची तीन वर्षं मिस्त्री जुन्या घरगाड्या बघत होते. बावीस पाहिल्या. बाविसांत खोट निघाली. एका गाडीवाल्याने तर यांना लांबून येताना बघून आतून कडी लावून घेतली.

आणि मग मेहुणीचा फोन आला. तळ्याकाठचं घर विकायला काढलंय, उन्हाळा संपला की ती आणि साडू समुद्रापलीकडे मुलाकडे कायमचे जाणार. फोन ठेवून बायकोने भिंतीवरच्या कॅलेंडरची पुढची पानं उलटून पाहिली. मग मिस्त्रींच्या समोर येऊन म्हणाली, "दोन महिन्यांनी, पंधरा तारखेला मी निघणार. घरगाडी आली तर घरगाडीने, नाहीतर बसने. तुमच्यासह किंवा तुमच्याशिवाय."

ती असं बोलत नसे. मिस्त्रींनी पेन्सिल कानामागे खोचली आणि खरंच कामाला लागले.

पंधरवड्यात दोन गाड्या उरल्या. दोन्ही वीस वर्षांच्या वर, दोन्ही अठरा फुटी, गल्लीत उभ्या राहतील अशा बेताच्या. पहिली दातांच्या डॉक्टरांची.

डॉक्टर शिस्तीचे. "आत बूट नकोत," ते म्हणाले. मिस्त्री बूट काढून आत चढले आणि पाऊण तास बाहेर आले नाहीत. छत एकाच अखंड तुकड्याचं, कुठे जोड नाही, म्हणजे पाणी शिरायला वाव नाही. मिस्त्रींनी प्रत्येक कोपऱ्यात अंगठा दाबून पाहिला. कुठे लाकूड मऊ लागलं नाही. कपाटं खऱ्या प्लायची, कडेला घन लाकडाची पट्टी. खणांचे कोपरे दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवावीत तसे सांधलेले. दार सोडलं की मऊ आवाज करून आपोआप मिटायचं. आणि बिजागऱ्यांच्या स्क्रूंकडे बघून तर मिस्त्रींचे डोळे भरून आले. प्रत्येक स्क्रूची खाच उभी. एकूण एक, उभी! हे कुणी सांगून करत नाही, याचे पैसे कुणी देत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी कुठल्यातरी कारखान्यात आपल्या जातकुळीचा एक माणूस बसला होता, हे कळून मिस्त्रींना सख्खा भाऊ सापडल्यासारखं झालं.

"अगं, वर ये, बघ तरी!" त्यांनी हाक मारली.

"मी बाहेरूनच बघते," बायको खालून म्हणाली. "बूट काढायचा कंटाळा आलाय."

"पलंग बघ, ड्रायव्हरच्या डोक्यावर आहे! शिडीने वर जायचं. खालची जागा सगळी मोकळी!"

"छान," बायको म्हणाली आणि डॉक्टरांच्या कुंड्या बघू लागली.

दुसरी गाडी बेकरीवालीची. ही बाई जाडजूड, मोठ्या आवाजाची, कोपरापर्यंत पीठ. "बघा सगळं," ती म्हणाली, "लपवण्यासारखं काही नाही, कारण लपण्यासारखं काही नाही." ते खरंच होतं. कपाटं भुशाच्या फळ्यांची, खालच्या कडा पाणी पिऊन पावासारख्या फुगलेल्या. सांधे म्हणाल तर नुसत्या पिना मारलेल्या. छतावरच्या झरोक्याजवळ मिस्त्रींचा अंगठा आत गेला. स्क्रू दहा दिशांना तोंडं करून, आणि एका बिजागरीत स्क्रूच्या जागी चक्क खिळा. खिळा बघून मिस्त्री दोन मिनिटं बाहेर येऊन उभे राहिले.

मांडणी मात्र साधी होती. बाजूचं सरकतं दार, नऊ इंचांची एकच पायरी, दाराशी धरायला दांडा. आत शिरल्यावर उजव्या हाताला ओटा, मागे दोन्ही बाजूंना लांब बाकं, मधून वाट. बाकं हीच झोपायची जागा, गुडघ्याच्या उंचीची. हे सगळं मिस्त्रींनी पाहिलं, मोजलं, आणि त्यावर विचार केला नाही. बायकोला त्यांनी हाक मारली नाही, कारण ती दारातल्या उंबऱ्यावर बसून बेकरीवालीबरोबर चहा पीत होती. चांगला अर्धा तास. कसलं बोलणं चाललं होतं कोण जाणे. मिस्त्रींच्या मनात आलं, हिला बांधणीतलं काही कळत नाही, चहा मिळाला की खूश.

घरी येऊन त्यांनी वहीत दोन रकाने आखले. एका बाजूला 'दात', दुसऱ्या बाजूला 'पाव'. बांधणी: दाताला साडेनऊ, पावाला तीन. अर्धा गुण दाताचा का कापला म्हणाल, तर एका खिडकीचं रबर मध्येच जोडलेलं होतं. मांडणी: दाताला सात, पावाला आठ. आणि खाली त्यांनी आपलं तत्त्व लिहिलं, जे ते चाळीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत आले होते: 'मांडणी बदलता येते, बांधणी बदलता येत नाही.' रेघ मारली, डॉक्टरांना फोन केला आणि रविवारी गाडी न्यायला येतो म्हणून शब्द दिला.

बायको मशीनवर पडदा शिवत होती. "ठरली का?" तिने विचारलं.

"दाताची."

मशीन थांबलं. "बरं," ती म्हणाली, आणि मशीन परत सुरू झालं.

हे 'बरं' मिस्त्रींना नेहमीच्या 'बरं'पेक्षा सूतभर आखूड वाटलं. तिला पटलेलं नाही. का पटत नाही? तिने गाडी आतून पाहिलीच कुठे? आता एखाद्याने विचारलं असतं, 'अगं, काय झालं?' पण सरळ विचारतील तर ते मिस्त्री कसले! शनिवारी दुपारी त्यांनी वर्कशॉपमधला भुसा झाडला, खडू घेतला आणि डॉक्टरांची गाडी फरशीवर उतरवली. ड्रायव्हरची जागा, ओटा, संडास, टेबल, सगळं सुतासकट. दाराशी फळ्या रचून दोन पायऱ्या केल्या, खऱ्या उंचीच्या, अकरा इंच आणि वर दहा. वर्कशॉपमधली शिडी पलंगाच्या जागी टेकवली. आणि बायकोला बोलावलं.

ती दारात थबकली. "अगोबाई, मलाही खडू? छत्तीस वर्षांनी नंबर लागला वाटतं माझा."

"चेष्टा नको. आत ये. चहा कर."

बायको आली ती सरळ रेघ ओलांडून ओट्यापाशी.

"अगं, भिंतीतून काय येतेस! तिथे पत्रा आहे!"

"मला वाटलं खिडकी असेल."

"खिडकीतून येणार होतीस?"

"बरं, दारातून आले असं समजा. चहात साखर किती?"

"समजा-बिमजा नाही. दारातून ये."

बायको परत मागे गेली. फळ्यांच्या त्या दोन पायऱ्यांसमोर उभी राहिली. दोन्हींची उंची नजरेने जोखली. मग तिने डावा पाय पहिल्या पायरीवर ठेवला. तिचा उजवा हात हवेत काहीतरी शोधू लागला, आणि त्याला वर्कशॉपमधल्या कामाच्या टेबलाची कड सापडली, जी गाडीत नव्हती. कडेवर भार देऊन तिने अंग वर ओढलं आणि उजवा पाय अलगद डाव्याच्या शेजारी आणून ठेवला. दोन्ही पाय एकाच पायरीवर, चालायला शिकणाऱ्या पोरासारखे. मग दुसरी पायरी. पुन्हा तसंच.

तिचा हात जिथे गेला होता तिथे फुली मारायला मिस्त्री सवयीने वाकले. आणि वाकलेलेच राहिले.

बायकोने शिडीकडे पाहिलं. "मी खालीच झोपेन," ती म्हणाली.

हे शब्द त्यांनी आधी ऐकले होते. दोन वर्षांपूर्वी. साडेआठ इंचांच्या जिन्याच्या पायथ्याशी. मग एकामागून एक सगळ्या फुल्या दिसायला लागल्या. त्याच सुमारास तिने पायमशीनला मोटर बसवून घेतली होती, "पाय मारायचा कंटाळा आला" म्हणून. माडीवरचे पडदे धुवायला काढायचे तर "तेवढे आणून द्या हो" म्हणायची. डॉक्टरांकडे बूट काढायचा कंटाळा. गल्लीतल्या प्रत्येकाची चौकट सूतभर झुकलेली दिसणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातला पाय दोन वर्षं दिसला नव्हता. मिस्त्रींना लाज वाटली. त्या स्क्रूच्या वेळी वाटली होती त्याहून जास्त.

"कोणता?" त्यांनी विचारलं.

"उजवा."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? तुम्ही टेप घेऊन आला असतात." ती हसली, पण लगेच थांबली. फळीवर बसत म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, आधी गुडघा बरा होऊ दे, मग जाऊ. न जायला तुम्हाला कारणच हवं असतं. तो पलंग अकरा वर्षं पुरला. गुडघा तर मरेपर्यंत पुरला असता. मला तिला त्या घरात बघायचंय हो. एकदाच. ते घर गेल्यावर मी कुठे जाऊ बघायला?"

तिचं खरं होतं, हे मिस्त्रींना माहीत होतं. ते अगदी असंच म्हणाले असते.

"पण मग बसने जाणार होतीस ती कशी?"

"बसची पायरी बघितलीत कधी? तुम्हाला धाक घालायला म्हणत होते. तुमचं घोडं पेंड खात असतं सदा."

म्हणजे गाडी चुकीची आली असती तर ती गेलीच नसती. वर चढता येत नाही हे तिने पंधरा तारखेला काहीतरी हसण्यावारी नेऊन सांगितलं असतं, आणि आपण डॉक्टरांच्या गाडीतल्या स्क्रूंच्या खाचा बघत बसलो असतो. मिस्त्रींनी ओलं फडकं घेतलं आणि गुडघ्यांवर बसून दाताची गाडी पुसून काढली. तिथेच, त्याच दुपारी, पावाची आखली. नऊ इंचांची पायरी रचली. दाराच्या जागी दांडा म्हणून एक उभी काठी घट्ट बांधली, बाकाच्या जागी गुडघ्याएवढं खोकं ठेवलं.

बायको काठी धरून आत आली. उजवीकडे वळून ओट्याशी उभी राहिली. नसलेला गॅस पेटवला, नसलेलं पातेलं ठेवलं, मागे न बघता बाकावर टेकली. उकळी यायची वाट पाहिली. मग उठून दोन कप भरले आणि एक मिस्त्रींच्या पुढे धरला. मिस्त्रींनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"कसा झालाय?"

"साखर सूतभर कमी आहे," मिस्त्री म्हणाले.

डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते शिस्तीत चिडले. "गाडीत दोष निघाला का काही?"

"गाडी सोन्यासारखी आहे, डॉक्टर. चूक माझी. मी घरातलं माप घेतलं नव्हतं."

डॉक्टरांना ते कळलं नाही. ते म्हणाले, "पाऊण तास टेप लावून बसला होतात की!"

बेकरीवालीला मात्र काही समजावून सांगावं लागलं नाही. मिस्त्री तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "आलात? ताईंनी सांगून ठेवलं होतं मला. म्हणाल्या, 'पंधरा दिवस कुणाला देऊ नका, आमच्याकडे डोळे जरा उशिरा उघडतात.' बाराच दिवस झाले. लवकर उघडले म्हणायचे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तो दांडा मी आईसाठी लावला होता. तिचेही गुडघेच." म्हणजे उंबऱ्यावरच्या त्या अर्ध्या तासात परक्या बाईला जे कळलं होतं, ते मिस्त्रींना दोन वर्षांत कळलं नव्हतं. दांडा त्यांनी हलवून पाहिला. अख्ख्या गाडीत तेवढी एकच गोष्ट पक्की बसवलेली होती.

वहीतलं ते तत्त्व मिस्त्रींनी खोडलं. खाली लिहिलं, 'बांधणी माझ्या हातात आहे.' आणि पुढे काहीतरी लिहायला गेले होते, ते राहिलं.

पुढचे पाच आठवडे वर्कशॉपचं दार बंद. फुगलेल्या फळ्या बाहेर आल्या, खरी प्लाय आत गेली. झरोक्याभोवतीचं कुजकं लाकूड काढून नवी चौकट बसली. तिच्यावर पाण्याची नळी सोडून मिस्त्री अर्धा तास खाली तळहात पसरून बसले, एक थेंब आला नाही. खिळा त्यांनी स्वतःच्या हाताने उपटला. बिजागऱ्या नव्या, स्क्रू नवे, खाचा उभ्या. मध्ये एकदा बायकोला बोलावून पातळ फळ्यांच्या चवडीवर पाय ठेवायला लावला. एकेक फळी वाढवत नेली, आणि तिच्या भुवया जिथे जवळ आल्या तिथे थांबले. पाच इंच, दोन सूत. मग नऊ इंचांच्या पायरीचे त्यांनी दोन भाग केले, साडेचार-साडेचार, खालचा भाग घडी होऊन आत जाणारा.

निघायच्या आदल्या दुपारी त्यांनी गाडी अंगणात आणून उभी केली. बायको दांड्याला हात न लावता दोन पायऱ्या चढली. आत जाऊन सगळ्यात आधी ओट्याखाली वाकली. सिंकखाली दार होतं. खरं, लाकडी, बिजागरीसकट.

"हे काय?"

"दार."

तिने ते उघडलं, मिटलं, परत उघडलं. चौथ्यांदा मिटताना म्हणाली, "छत्तीस वर्षांत वाकून वाकून थकले, पण दार आलं. गाडीत का होईना."

"घरचंही करतो. परत आल्यावर. आणि जिनाही."

"या महिन्यात?" बायकोने विचारलं, आणि मिस्त्रींना हसावं लागलं.

मग ती डाव्या बाकावर आडवी झाली, मिस्त्री उजव्या. गादी चांगली होती. मागच्या खिडकीतून ऊन दोघांच्या पायांवर येत होतं. मधली वाट बावीस इंचांची. मिस्त्री छताकडे बघत होते, जिथे आता बघण्यासारखी एकही चूक उरली नव्हती.

"बावीस इंचच आहे," शेवटी ते म्हणाले. "घोरलेलं ऐकू येईल तुला."

बायकोने डोळे मिटून घेतले होते. त्यांना वाटलं, झोपली.

"घोरता तुम्ही," ती म्हणाली. "खोटं नव्हतं ते. पहिल्या दिवसापासून घोरता. पण तेवढ्यासाठी कुणी उशी हलवतं होय?"

पंधरा तारखेला सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं. बायको सहाला तयार होती. बहिणीला द्यायचे पडदे बांधून झाले होते, साडूंना द्यायची ती स्क्रूची काडेपेटी पुढच्या खणात ठेवून झाली होती. पण वर्कशॉपमधून करवतीचा आवाज येत होता. सातला आला, आठलाही आला. "अहो, आता काय राहिलं?" तिने अंगणातून विचारलं.

साडेआठला मिस्त्री केसांत भुसा घेऊन बाहेर आले. हातात फळी होती, कडा घासून गुळगुळीत केलेली. गाडीत चढून त्यांनी ती दोन बाकांच्या मध्ये, बाकांना आतून मारलेल्या पट्ट्यांवर ठेवली. अर्ध्या लांबीचीच होती, उशांकडच्या बाजूला. पायांकडची वाट मोकळी ठेवली होती, तिला उठता-बसताना अडचण नको म्हणून. फळी बसली. दोन बाकांचा एक पलंग झाला.

बायको दारात उभी राहून बघत होती. मग ती घरात गेली, दिवाणावरची आपली उशी घेऊन आली आणि तिने ती मधोमध ठेवली.

"माप बरोबर आलं का?" तिने विचारलं.

"बावीसला सूतभर कमी घेतलं," मिस्त्री म्हणाले, "म्हणजे अडकणार नाही."